एट्रियल फिब्रिलेशन : वॉरफॅरिन घ्यावे की नव्या गोळ्या?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, तेथे रक्त साकळते, आणि ती गुठळी मेंदूत पोहोचून पक्षाघात होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. म्हणूनच धडधड आटोक्यात ठेवणारी गोळी चालू असली तरी बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी वेगळी घ्यावी लागते. अॅस्पिरिन त्या जागी पुरेसे नाही.

निवडीआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहावा. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी वॉरफॅरिन किंवा त्याच जातीचे निकुमॅलोनच घ्यावे. ऱ्हुमॅटिक झडपदोष असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत रिव्हारोक्साबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांचे मृत्यू जुन्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले. येथे किंमत आणि सोय हे मुद्दे गौण ठरतात.

झडप ठीक असेल तर मात्र विचाराला वाव आहे. वॉरफॅरिन स्वस्त आहे, पण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवण्यासाठी सुरुवातीला वरचेवर आणि पुढे साधारण महिन्याला रक्त तपासावे लागते. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला आषाढातल्या पावसात त्यासाठी खानापूर किंवा बेळगाव गाठणे सोपे नाही, आणि गोळीच्या किमतीत हा हेलपाटाही धरायला हवा. मेथी, पालक, शेपू बंद करण्याची गरज नसते. दर आठवड्याला त्यांचे प्रमाण सारखे असावे एवढेच. मात्र मेट्रोनिडॅझोलसारख्या जुलाबावरच्या गोळीने आयएनआर एकदम चढतो, म्हणून दुकानातून परस्पर औषध आणू नये.

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन आणि अॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही, आणि मेंदूतील रक्तस्रावाचा धोका वॉरफॅरिनच्या सुमारे निम्माच राहतो. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. पण त्यांचा परिणाम दिवसाभरात ओसरतो, त्यामुळे गोळी चुकवून चालत नाही. डॅबिगॅट्रान आणि अॅपिक्साबॅन दिवसातून दोनदा घ्यायचे असते. रिव्हारोक्साबॅन एकदाच, पण भरल्या पोटी, कारण एकादशीला नुसत्या चहावर घेतल्यास ते पुरेसे शोषले जात नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॅबिगॅट्रान टाळणे बरे. वय ८० किंवा अधिक, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) १.५ किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी असतील तर अॅपिक्साबॅनची मात्रा निम्मी होते. म्हणून दवाखान्यात वजन करून घ्यावे, अंदाजाने सांगू नये.

सीमाभागात आणखी एक धोका संभवतो. निपाणीची माणसे कोल्हापूरला, अथणीची मिरजेला आणि पुढे कधी बेळगावलाही दाखवतात. दोन चिठ्ठ्यांवर एकच औषध दोन नावांनी येते किंवा जुनी गोळी चालू असतानाच नवी सुरू होते, आणि अशा दुहेरी मात्रेने जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. प्रत्येक डॉक्टरांपुढे चालू गोळ्यांची पाकिटेच ठेवावीत. वॉरफॅरिन सोडून नवी गोळी घ्यायची असेल तर आयएनआर उतरल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवसापासूनच घ्यावी.

झडप आणि मूत्रपिंड ठीक असतील आणि दरमहा खर्च झेपत असेल, तर वयस्कर माणसासाठी माझा कल अॅपिक्साबॅनकडे आहे. खर्च मध्येच थांबण्याची शक्यता असेल आणि तपासणी जवळ होत असेल, तर नीट सांभाळलेले वॉरफॅरिन अधिक भरवशाचे.