क्लॅरोनेट आलंच नाही, ड्युटी मात्र तीनदा भरली

आकडा आधीच सांगून टाकतो. १,१२,६७० रुपये. परदेशातून जुनं क्लॅरोनेट मागवताना फसलो, एवढे पैसे गेले आणि बदल्यात काहीही आलं नाही. बायको आणि आमचे बँडमास्तर सोडले तर हे ओळखीत कुणाला माहीत नव्हतं. आता लिहितोय, कारण गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या सॅक्सोफोनवाल्याने फोन दाखवत विचारलं, "जर्मनीतून जुना सॅक्स स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" त्याला आलेले मेसेज मी वाचले. मला आले होते तेच, शब्दन् शब्द.

मी सव्वीस वर्षं बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. माझ्या वाद्याला वरच्या तुकड्यात चीर गेली होती. एम-सील भरून दोन लग्नसराया काढल्या, पण वरचे सूर फाटायचे. चांगलं लाकडी नवं वाद्य लाखाच्या पुढे जातं, ते माझ्या आवाक्यात नाही. म्हणून परदेशातलं जुनं बघत होतो. फसलेल्याला लोक हावरा म्हणतात, पण यात हावरेपणा कुठे होता ते मला अजून कळलेलं नाही. सगळे तसंच करतात.

वादकांच्या एका ग्रुपवर एक विक्रेता भेटला. फ्रेंच बनावटीचं, बोहेम पद्धतीच्या चाव्यांचं, आफ्रिकन ब्लॅकवुडचं वाद्य, ६४० युरो. वाजवतानाचा छोटा व्हिडिओही पाठवला. पैसे पाठवायला माझा मावसभाऊ जर्मनीत होता. विक्रेता म्हणाला, पैसे "मित्र-नातेवाईक" प्रकारात पाठवा, कमिशन वाचतं. भावाने पाठवले, मी त्याला ९०.५० च्या भावाने ५७,९२० रुपये दिले. त्या प्रकारात पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं. माल आला नाही म्हणून ते परत मागता येत नाहीत. अनोळखी विक्रेता हा प्रकार सुचवतो तेव्हाच व्यवहार सोडून द्यायचा.

पैसे पाठवायच्या आधी विक्रेत्याने मला विचारलं होतं, "तुमच्याकडे ड्युटी किती बसते? नंतर कटकट नको." मला वाटलं, किती सरळ माणूस आहे. मी बसून हिशेब काढला. माल, वाहतूक आणि विमा मिळून जी किंमत होते तिच्यावर मूळ ड्युटी, त्या ड्युटीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. मूळ ड्युटी १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के धरला तर शंभरावर १० अधिक १, म्हणजे १११, आणि त्यावर १९.९८. एकूण ३०.९८ टक्के. ५७,९२० वर १७,९४४ रुपये. मी त्याला लिहिलं, "अठरा हजारांच्या आसपास येईल." बारा दिवसांनी "मुंबई एअर कार्गो"तून फोन आला आणि ड्युटी सांगितली १८,४०० रुपये.

माझाच आकडा त्यांनी मला परत विकला. माझ्या हिशेबाशी जुळला म्हणून मला तो खरा वाटला. असं काही झालं की लोक म्हणतात, "फोनवर ड्युटी मागितली तेव्हाच कळायला हवं होतं." ज्यांनी परदेशातून कधी काही मागवलं नाही त्यांना हे म्हणणं सोपं आहे. ड्युटी खरोखर लागते, जुन्या मालालाही लागते. आमच्या ट्रम्पेटवाल्याने माउथपीस मागवला होता तेव्हा पोस्टमनने दारात पैसे घेऊन पावती दिली होती. त्यामुळे ड्युटी मागितली याचं मला नवल वाटलं नाही. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता, "साहेब, घाई नाही, सवडीने भरा" म्हणत होता. खातं कुठल्यातरी "ट्रेडर्स"चं निघालं. विचारल्यावर म्हणाला, क्लिअरिंग एजंटचं आहे. कस्टम्सचं काम करणारे एजंट असतात हे मला माहीत होतं. भरले.

आता जे लिहितोय ते आठवलं की आजही झोप लागत नाही. विक्रेत्याने ट्रॅकिंगची लिंक दिली होती. त्या पानावर पार्सलचं वजन होतं १२.५ किलो. क्लॅरोनेट पेटी धरून फार तर अडीच किलो भरतं. मी ती पेटी सव्वीस वर्षं उचलतोय, एसटीत मांडीवर घेऊन बसलोय. डोळे बांधून हातात दिली तरी आत वाद्य आहे की रिकामी आहे ते सांगेन. तो आकडा मी पाहिला. बायकोला दाखवलासुद्धा. ती म्हणाली, "एवढं जड कसं?" आणि मी म्हणालो, "पॅकिंग करतात ते लोक भरपूर, लाकडी खोकं असेल." दहा किलोचं पॅकिंग! तिने विचारलं होतं आणि मी तिला गप्प केलं. त्या क्षणी थांबलो असतो तर निदान ५४,७५० रुपये वाचले असते.

लिंक त्यांनीच बनवलेली होती. कुठल्याही कुरिअरचा नंबर त्या कुरिअरच्या स्वतःच्या साइटवर आपल्या हाताने टाकून बघा, आलेल्या लिंकवर बोट लावू नका.

दुसरा फोन चार दिवसांनी. "साहेब, लाकूड ब्लॅकवुड आहे. साइट्स करारातलं लाकूड. परवाना नसेल तर वन्यजीव कायद्याखाली केस होईल." २६,५०० रुपये अनामत, माल सुटला की परत. साइट्स म्हणजे धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. मी घाबरलो, कारण यात अर्धं खरं होतं. ब्लॅकवुड २०१७ पासून साइट्सच्या यादीत आहे, वाद्य विकत घेणाऱ्यांमध्ये तेव्हा बरीच धावपळ झाली होती हे मी ऐकून होतो. मला माहीत नव्हतं ते हे, की नोव्हेंबर २०१९ पासून त्या लाकडाच्या तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ही एक ओळ माहीत असती तर फोन तिथेच ठेवला असता. क्लॅरोनेट, ओबो वाजवणाऱ्या सगळ्यांनी ही ओळ पाठ करा.

तिसऱ्यांदा दंड आणि गोदामभाडं म्हणून ९,८५०. यूपीआयवर नाव आलं एका किराणा दुकानाचं. तरी पिन टाकला. आधीचे ४४,९०० अडकलेत या एकाच विचाराने टाकला. चौथ्यांदा "मनी लाँडरिंग क्लिअरन्स" म्हणून ४८,००० मागितले तेव्हा मास्तरांकडे उसने मागायला गेलो. मास्तरांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला.

कस्टम्स फोन करून खासगी खात्यात पैसे मागत नाही. २०१९ च्या अखेरीपासून त्यांच्या पत्रांवर, समन्सवर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या साइटवर तपासता येतो. मला आलेल्या "नोटिशी"वर अशोकस्तंभ होता, गोल शिक्का होता, सही होती. डीआयएन नव्हता. परत मिळणारी ड्युटी असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

त्यानंतर चार दिवस मी तक्रार केली नाही. लाज वाटत होती. हे चार दिवस महागात पडले, पण त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "पाठवलेत कशाला? शिकलेले दिसता." मग सांगितलं, हे आमच्याकडे येत नाही, जिल्ह्याला सायबरकडे जा. एका दिवसाची वाजवण्याची सुपारी सोडून जिल्ह्याला गेलो. तिथे म्हणाले, खाती दुसऱ्या राज्यातली आहेत, आधी तुमच्या ठाण्यात गुन्हा दाखल करून या. परत ठाण्यात. "साहेब बंदोबस्ताला गेलेत." असे पाच हेलपाटे. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. त्याची छापील प्रत घेऊन सहाव्यांदा गेलो तेव्हा लिहून घेतलं. ज्यांचं ते रोजचं काम आहे त्यांना कलम दाखवायची वेळ क्लॅरोनेट वाजवणाऱ्यावर का यावी?

बँकेत त्याहून वाईट. मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, हा अनधिकृत व्यवहार नाही, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं संरक्षण तुम्हाला लागू नाही. असेल. पण ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणी उघडून दिलं, कुठल्या कागदपत्रांवर? यावर उत्तर नाही. माझ्या बचत खात्यात दोन हजार कमी पडले की मेसेज येतो, आणि "ट्रेडर्स" नावाच्या खात्यात दिवसभर लोकांचे पैसे येऊन बाहेर जातात त्याचं काहीच नाही.

शेवटी एका खात्यात ६,३१२ रुपये गोठवले गेले. ते मिळवायला कोर्टात अर्ज करा म्हणाले. वकिलांनी फी सांगितली ५,०००.

तुमच्या बाबतीत असं झालं तर लाज बाजूला ठेवून त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तरच ते अडतात. स्क्रीनशॉट डिलीट करू नका, मी रागात अर्धे केले.

आणखी एक, जे मला सगळं झाल्यावर कळलं. विक्रेता खरा असता तरी माझं पार्सल अडू शकलं असतं. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली माल सोडून बाकीचा जुना माल निर्बंधित वर्गात आहे, आयातीला परवाना लागतो. जुन्या लॅपटॉपलाही लागतो. "गिफ्ट लिहून पाठवतो" म्हणणाऱ्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. पोस्टाने किंवा कुरिअरने गिफ्ट म्हणून ड्युटीशिवाय माल सोडवायची सोय डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून.

फोटो कुणाच्या तरी खऱ्या जाहिरातीतून उचललेले आहेत आणि अजून फिरतायत. पेटीत हिरवं मखमल, उजव्या कोपऱ्यात ते झिजून पांढरं पडलेलं, खालच्या तुकड्यावर कडीजवळ नखाएवढा ओरखडा, शेजारी रीडचं निळं डबडं. असं क्लॅरोनेट ६००-७०० युरोला कुणी दाखवलं तर एक पैसा पाठवू नका. आणि दाखवणाऱ्याचं प्रोफाइल, खातं, नंबर जे असेल ते मला कळवा, तपास अधिकाऱ्यांकडे मी स्वतः घेऊन जाईन.