घरातल्या सुतारकामाची धूळ: गॅलरीतला पंखा, डस्ट कलेक्टर की व्हॅक्यूम?

मुंबईत सुतारकामाच्या छंदाला जागा मिळते ती बेडरूमच्या कोपऱ्यात, नाहीतर काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. त्याच हवेत घरचे झोपतात. म्हणून करवत किंवा सँडर (लाकूड घासायचं यंत्र) घेण्याआधी धुळीची सोय करावी, असं माझं ठाम मत आहे.

लादीवरचा भुसा दिसतो आणि उचलता येतो. घातक असते ती न दिसणारी धूळ. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दहा मायक्रॉनच्या आतले कण श्वासाबरोबर खोल जातात आणि त्यातले सगळ्यात बारीक तासन्तास हवेत तरंगत राहतात. 1960च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम भागात फर्निचर कारागिरांना नाकाचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग होतोय, हे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत, घातली. ते कारागीर वर्षानुवर्षं त्या धुळीत राबले होते. रविवारी दोन तास काम करणाऱ्याला तेवढा धोका नाही, पण दमा आणि अ‍ॅलर्जी एवढी वाट बघत नाहीत. साग आणि शिसमाच्या धुळीने काहींच्या अंगाला खाजही सुटते.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गॅलरीत बसायचं आणि पंखा बाहेरच्या दिशेने लावायचा. वारा साथ देईल तोवर हे चालतं. पण मुंबईत दुपारी वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या गॅलरीतली धूळ सरळ हॉलमध्ये शिरते. जी बाहेर जाते ती खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. शेजाऱ्यांच्या नाकाचाही विचार करायला हवा.

कापडी पिशवीचा डस्ट कलेक्टर भारदस्त दिसतो आणि भरपूर हवा ओढतो. रंधा मशीनच्या ढलप्यांसाठी तो उत्तमच. पण स्वस्त मॉडेलची पिशवी बऱ्याचदा 30 मायक्रॉनची असते, म्हणजे भुसा आत राहतो आणि बारीक धूळ पिशवीतून आरपार निघून पुन्हा खोलीत उडते. दहा बाय दहाच्या खोलीसाठी मी तो सुचवणार नाही.

माझा कौल वेट-अँड-ड्राय (ओला-सुका दोन्ही कचरा ओढणाऱ्या) व्हॅक्यूमला आहे, तोही थेट सँडरच्या धूळ निघायच्या तोंडाला जोडून. धूळ जिथे तयार होते तिथेच पकडली, तर पुढचं काम निम्मं होतं. मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जाताना सँडरचं तोंड मोजून जा किंवा सँडरच बरोबर न्या, कारण पाइप आणि तोंडाचं माप क्वचितच जुळतं. आत कागदी पिशवी आणि हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळही अडवणारा) हवाच. नुसत्या स्पंजच्या फिल्टरवर घेऊ नका. मधे सायक्लोनची बादली (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारी) लावली की भुसा तिथेच पडतो आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. चाचणी सोपी आहे: रात्री दिवे घालवा, व्हॅक्यूम चालू करून थोडा भुसा ओढा आणि हवा बाहेर पडते तिथे आडवी टॉर्च धरा. झोतात धूर दिसला, तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा कामाचा नाही. 1400 वॉटचा व्हॅक्यूम आणि 250 वॉटचा सँडर मिळून सात अँपिअरच्या वर जातात, तेव्हा 6 अँपिअरच्या सॉकेटवर दोन्ही लावू नका, 16 अँपिअरचा पॉइंट वापरा. आवाज मात्र मोठा असतो. सोसायटीत दुपारच्या झोपेची वेळ सोडून काम करा.

एअर प्युरिफायर हा जोडीदार, पर्याय नव्हे. धूळ त्याच्यापर्यंत पोचते ती तुमच्या नाकासमोरून गेल्यावरच.

पैसे कमी असतील, तर पॉलिशपेपरऐवजी हातरंध्याचा जास्तीत जास्त वापर करा. धारदार पात्याने निघणारी लांब ढलपी हवेत तरंगत नाही. मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो, फक्त पात्याला धार लावायला शिकावं लागतं.

मास्क यातल्या कशाहीबरोबर लागतोच. रुमाल किंवा सर्जिकल मास्क चालत नाही, कडेने हवा शिरते. एन95 किंवा आयएस 9473 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला एफएफपी2 मास्क घ्या, शक्यतो डोक्यामागून पट्ट्या असलेला. दाढी असेल तर तो चेहऱ्यावर घट्ट बसत नाही. काम थांबलं तरी लगेच काढू नका. कोरडा झाडू आणि ब्लोअर दोन्ही टाळा. व्हॅक्यूम फिरवा आणि ओल्या फडक्याने पुसा.

पावसाळ्यात खिडक्या बंद असतात आणि दमट भुशाने फिल्टरही लवकर तुंबतो. तेव्हा यंत्राने घासायचं काम पुढे ढकललं तरी चालतं. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) तर बारा महिने प्लायवूडच्या दुकानातूनच मापाने कापून आणा. त्याची धूळ पिठासारखी बारीक असते, शिवाय ते बहुधा फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने बांधलेलं असतं.