गोंडीचे दोन मोफत फॉन्ट: पाटीला झकास, पुस्तकाला अजून कच्चे

लग्नपत्रिका, मेळाव्याचा फ्लेक्स, गावाच्या वेशीवरची पाटी, काहीही असो, गोंड समाजातली गिऱ्हाइकं हल्ली वरची ओळ गोंडी लिपीत मागतात. खालचा मजकूर मराठीतच असतो. मागणाऱ्याच्या घरी गोंडी बोलतात असंही नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख निघाले, आणि गोंडांची संख्या एक कोटीच्या वर आहे. भाषा सुटलेल्यांनाही अक्षर हवं आहे, आणि ते फुकट मिळतं. गूगलच्या नोटो मालिकेत ‘मसराम गोंडी’ आणि ‘गुंजाला गोंडी’ असे दोन फॉन्ट आहेत. परवाना खुला आहे, छपाईच्या धंद्यात वापरले तरी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

आधी लिपी ठरवा. या दोन वेगळ्या लिपी आहेत, एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उमटणार नाही. मसराम लिपी बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये बनवली, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, ती २०१७ला आली. गुंजाला लिपी आदिलाबाद भागातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली, ती २०१८ला आली. विदर्भातल्या कामाला मसराम घ्या. गिऱ्हाईक तेलंगणाच्या सीमेकडचं असेल तर मात्र आधी विचारा.

मसराम फॉन्टची वळणं स्वच्छ आहेत आणि देवनागरी हात असलेल्याला तो लवकर जमतो. वर्णक्रम आपलाच, क-ख-ग. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे उडी मारत नाही, त्यामुळे टंकताना गोंधळ कमी. घोळ होतो तो जोडाक्षरांत. देवनागरीत पाय मोडायला आणि अक्षर जोडायला एकच चिन्ह चालतं, इथे दोन आहेत. ‘हलंत’ (युनिकोडचा दशमान क्रमांक ७३०२८) पाय मोडून दाखवतो, ‘विराम’ (७३०२९) स्वतः दिसत नाही आणि पुढचं अक्षर जोडून घेतो. हलंत टाकून जोडाक्षराची वाट पाहत बसलेले डिझायनर बरेच असतात.

आडनावांवर तर हमखास चूक होते. ‘आत्राम’ घ्या. या लिपीत त्र हे क्ष आणि ज्ञ यांच्यासारखं स्वतंत्र अक्षर आहे. त टाकून त्याला रकार (मागून जोडला जाणारा र) लावला तर वेगळाच आकार उमटतो. ‘मेश्राम’मध्ये श आणि त्यावर रकाराचं स्वतंत्र चिन्ह, तिथे विराम नको. ‘मर्सकोल्हे’मधला रफारही सुटं चिन्ह आहे, तो स टंकायच्या आधी टाकायचा. र आणि विराम जोडून रफार होईल ही देवनागरीची सवय इथे सोडावी लागते. ल्ह मात्र विरामानेच जोडायचा.

गुंजाला फॉन्टमध्ये अडचण निराळी. त्या लिपीची वर्णमाला य, व, ब, भ, म अशी सुरू होते, क सहावा येतो. चिन्हांच्या तक्त्यात क पहिला शोधणारा तिथेच अडकतो. शिवाय श, ष, ण आणि ञ ही अक्षरं लिपीतच नाहीत. ‘मेश्राम’ लिहायचं तर स घ्यावा लागतो. हा फॉन्टचा दोष धरू नका, पण गिऱ्हाइकाला आधी सांगा, नाहीतर छापून झाल्यावर भांडण ठरलेलं.

काम कशात करायचं? जुन्या कोरलड्रॉमध्ये थेट टंकू नका, अक्षरं जुळत नाहीत आणि विराम सुटा दिसतो. लिबरऑफिस किंवा इंकस्केपमध्ये ओळ तयार करा, तिचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार) किंवा पीडीएफ काढा, आणि मग ती फ्लेक्सच्या फाइलमध्ये आणा. थोडा मजकूर असेल तर लिबरऑफिसच्या ‘विशेष चिन्ह’ खिडकीतून एकेक अक्षर उचललं तरी भागतं. मसरामचं एकच वजन, म्हणजे रेघेची एकच जाडी मिळते. ठळक करायचं बटण दाबलं की संगणक नुसती रेघ फुगवतो आणि लहान आकारात अक्षरांची पोटं बुजतात. त्यापेक्षा आकार वाढवा. व्हॉट्सअॅपवर नमुना चित्र म्हणूनच पाठवा, जुन्या फोनवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात.

तपासणी कोण करणार, हा या सगळ्यातला खरा कमकुवत दुवा. लिपी वाचणारे कमी, म्हणून पाटीवरची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि पुढचा डिझायनर तिचाच फोटो पाहून नक्कल करतो. ‘जय सेवा’ या गोंडांच्या अभिवादनासारखी ठरलेली ओळ निभावून जाते. गोंडी वाक्य असेल तर ते त्याच भागातल्या बोलणाऱ्याकडून आधी देवनागरीत लिहून घ्या. घराला कुठे रोन म्हणतात, कुठे लोन, तेव्हा शब्दकोशात सापडला म्हणून शब्द टाकला असं चालत नाही.

पुस्तकासाठी मी हे फॉन्ट सुचवणार नाही. गोंडी शिकणारं पोर शाळेत देवनागरी किंवा तेलुगू वाचतं. त्याला पानभर मसराम दिली तर भाषा राहते बाजूला, अक्षर लावण्यातच तास जातो. धडा देवनागरीत, मथळा आणि मुलाचं नाव मसराममध्ये, अशी मांडणी सध्या सगळ्यात व्यवहारी. भाषा कमी आणि निशाण जास्त, असा आक्षेप यावर घेतला जातो आणि तो खोटा नाही. पण ज्याच्या घरातून गोंडी दोन पिढ्यांपूर्वी गेली, तो पत्रिकेवर ती एक ओळ हट्टाने मागतो, तेव्हा ओळख कशाला बांधली आहे हे दिसतंच. अशा कामाला मसराम फॉन्टला पाचपैकी चार. सलग मजकुराला दोन, आणि तेही फुकट आहे म्हणून.