फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वालामुखीचं बेट: आइसलँड की टेनेरिफ?

टेनेरिफ हे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एक. व्हिसा लागत असेल तर दोन्हीकडे शेंगेनच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा. या दिवसांत घड्याळंही दोन्हीकडे सारखीच चालतात. साम्य जवळपास इथेच संपतं. निवड करताना लोक आधी तापमान बघतात आणि तिथेच गफलत होते. फेब्रुवारीत आइसलँडची राजधानी रेक्याविकचा पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो. अंगावर धड कपडे असतील तर ती थंडी सोसवते. पाहायचा असतो तो वारा. आइसलँडमध्ये वारा रस्ते बंद करतो, टेनेरिफमध्ये फक्त डोंगरमाथा. एकीकडे अख्खा दिवस हातचा जातो, दुसरीकडे फार तर एक सकाळ.

आइसलँड: गाडी स्वतः चालवायची का?

बाकी सगळं या एका उत्तरावर ठरतं. दक्षिण किनाऱ्यावर पारा शून्याच्या वर-खाली होत राहतो. दिवसा वितळलेलं बर्फ रात्री काचेसारखं गोठतं आणि डांबरावर दिसतही नाही. म्हणून भाड्याची गाडी ‘फोर बाय फोर’ आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते, पण थांबवायचं काम टायरचं. खिळ्यांचे टायर १४ एप्रिलपर्यंत चालतात. गाडी घेताना ते बसवलेले आहेत ना, हे वाकून बघा.

हवामान खातं वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंद असा देतं. २० हा आकडा छोटा वाटतो, पण तो ताशी ७२ किलोमीटर होतो. १५ च्या पुढे उंच गाडी डगमगते. २० च्या पुढे मुक्काम हलवू नये. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने उलटं वाकलेलं दार हे तिथलं नेहमीचं नुकसान, आणि बऱ्याच विम्यांत ते धरलेलं नसतं. रस्त्यांची स्थिती ‘उम्फेर्दिन डॉट आयएस’वर (umferdin.is) आणि हवामान ‘वेदुर डॉट आयएस’वर (vedur.is), दोन्ही सकाळी निघताना आणि दुपारी पुन्हा बघायचं.

रेक्याविक ते योकुल्सारलॉन या हिमनगांच्या सरोवरापर्यंतचं अंतर सुमारे ३७० किलोमीटर, कोरड्या रस्त्यावर न थांबता पाच तास. हिवाळ्यात ते एका दिवसात जाऊन-येऊन करायचा बेत आखूच नका. वाटेत वीक या गावात किंवा त्याच्या पुढे मुक्काम धरा. बेटाला वळसा घालणारा १,३२२ किलोमीटरचा रिंग रोड आठवड्यात उरकायचा विचार या मोसमात सोडून द्यावा. उत्तरेकडची एखादी खिंड बंद झाली की पुढची सगळी बुकिंगं कोसळतात.

महिना निवडता येत असेल तर मार्च घ्या. १ फेब्रुवारीला उजेड जेमतेम सात तास असतो, १ मार्चला दहा, महिनाअखेरीस तेरा. अरोरासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी लागणारा काळोखही तेव्हा पुरेसा असतो; फक्त अरोरा किती तीव्र असेल या अंदाजाच्या आकड्यापेक्षा ढगांचा नकाशा आधी बघायचा. वातनायोकुल या हिमनदीतल्या बर्फगुहांसाठी मात्र मार्चच्या शेवटापर्यंत थांबू नका. ऊब वाढली की वितळलेलं पाणी शिरून गुहा बंद होतात. तिथे वाटाड्याशिवाय जायचंच नाही.

रेनिसफ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा फार आत येते. तिने माणसं ओढून नेली आहेत. इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरू नये.

राहिला जिवंत लाव्हा. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून वारंवार उद्रेक झाले, डिसेंबर २०२३ पासून ग्रिंडाविक या गावाजवळ. काही दिवसभरात थांबले, काही आठवडे चालले. त्याच्या भरवशावर तिकीट काढू नये. आयता दिसला तर नशीब.

टेनेरिफ: एका दिवसात दोन ऋतू

किनाऱ्यावर दिवसा विशीच्या आसपास तापमान, आणि वर ३,७१५ मीटरच्या तेइदे या ज्वालामुखीवर बर्फ. शेवटचा उद्रेक १९०९ साली चिन्येरोला झाला, म्हणजे इथे बघायचं ते थंड झालेलं भूदृश्य. ते इतकं उघडंबोडकं आहे की ज्वालामुखीची रचना समजून घ्यायला आमच्या मते आइसलँडपेक्षा हेच बेट सोपं.

उत्तर बाजूला व्यापारी वारे ढग आणून अडकवतात. खाली ढगाळ दिसलं म्हणून वर जायचं रद्द करू नका. गाडी ढगांच्या थरातून बाहेर पडली की वर लख्ख ऊन असतं. वरचा वारा हा वेगळा प्रश्न. तेइदेची केबल कार २,३५६ मीटरवरून आठ मिनिटांत ३,५५५ मीटरवर नेते, पण वाऱ्याने किंवा तारांवर बर्फ धरल्याने बंद राहते. तिचं तिकीट सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाचं काढा, म्हणजे हुकलं तरी पुढे जागा उरते. वरच्या स्थानकापासून शिखरापर्यंतच्या वाटेला वेगळा परवाना लागतो. तो आधीच काढावा लागतो आणि बर्फ असेल तर वाट बंदच.

समुद्रसपाटीवरून दोन तासांत इतक्या उंचीवर गेल्याने डोकं दुखणं, धाप लागणं होतं. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वर जाऊ नये. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर मध्ये २४ तास जाऊ द्या.

गडबड करणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कालिमा, सहारातून येणारी धूळ. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने कॅनरी बेटांचे विमानतळ बंद पाडले होते. सांता क्रूझचा कार्निव्हल याच सुमारास येतो. गर्दी नको असेल तर तारखा बघून घ्या. बदामाचा बहर हवा असेल तर सांतियागो देल तेइदेला फेब्रुवारीच्या सुरुवातीला जा. लाल ताहिनास्ते हे इथलं उंच फुलझाड मात्र मे-जूनशिवाय फुलत नाही. फोटो पाहून आलेल्यांची इथे निराशा होते.

कोणी काय घ्यावं

हाताशी पाचपेक्षा कमी दिवस, सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आईवडील असतील, तर टेनेरिफ. बर्फावर गाडी चालवलेली नसेल आणि तरी आइसलँडच हवं असेल, तर रेक्याविकला मुक्काम ठेवून बसच्या सहली घ्या. वादळात बस रद्द झाली तरी गाडी खड्ड्यात घालायची जोखीम तुमची नसते. आठ-दहा दिवस असतील, त्यातले दोन वाया गेले तरी चिडचिड होणार नसेल, आणि बर्फगुहा किंवा अरोरा हेच कारण असेल, तर आइसलँडला पर्याय नाही.

आइसलँडला बर्फगुहेची जागा आधी धरा आणि हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक घरूनच न्या. धबधब्यांच्या पायवाटांवर ते रोज लागतात. पिन असलेलं कार्डही जवळ हवं, कारण गावाबाहेरच्या बऱ्याच पेट्रोल पंपांवर माणूस नसतो.