शेण-गेरूच्या कापडावरचं वारली चित्र: घ्या, पण मागची बाजू बघून

बाजारात वारली म्हणून तीन प्रकार मिळतात. एक छापील, दुसरा तयार कॅनव्हासवर ॲक्रिलिकने काढलेला, आणि तिसरा मांजरपाटाला शेण-गेरूचा हात देऊन त्यावर काढलेला. इथे तिसऱ्याबद्दल बोलू. डहाणू तालुक्यातल्या चित्रकारांकडून तो थेट मागवता येतो, आणि पैसे टाकायचेच असतील तर त्यावरच टाकावेत.

आधी मागची बाजू बघा. गाळलेल्या शेणाचा पातळ थर धुतलेल्या कापडात थोडा मुरतो, त्यामुळे मागे तपकिरी डाग दिसतात. कापडाची खळ काढलेली नसेल तर थर वरच्या वर बसतो आणि पहिल्या गुंडाळीतच भेगा पडतात. पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक. डिंक कमी पडला तर पांढरं बोटाला लागतं, जास्त झाला तर रेघ चकाकते आणि पापुद्र्यासारखी सुटते. हल्ली बरेच जण पोस्टर कलरमध्ये फेविकॉल घालतात. टिकायला ते चांगलंच, पण मग 'तांदळाचं' सांगून विकू नये. तांदळाचा पांढरा जरा मळकट आणि निस्तेज असतो, डब्यातला लख्ख.

रेघ जवळून बघा. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचलीची रेघ जाड सुरू होते, पीठ संपत आलं की बारीक होते, पुन्हा बुडवली की जाड. पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत जाडी तीच असेल तर ते मार्करचं किंवा छपाईचं काम. तारपा नाचात, म्हणजे तारपा या फुंकवाद्याभोवती फेर धरून केलेल्या नाचात, माणसाचं दोन त्रिकोणांचं अंग किंचित कललेलं हवं, तरच फेर फिरतो. नवशिक्यांची माणसं शिक्का मारल्यासारखी ताठ उभी असतात.

आता विषय. ही चित्रं मुळात भिंतीवरची. लग्नात सवाशिणी चौक, म्हणजे नक्षीची चौकोनी चौकट, लिहीत आणि मधोमध सुफलतेची पालघट देवी बसे. १९७०च्या दशकात वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदा-कापडावर आणली. अख्ख्या चित्रभर पसरलेलं त्यांचं मासेमारीचं जाळं बघितलं की हे नक्षीकाम नव्हे हे कळतं. डहाणूतल्या गंजाड गावचे चित्रकार राजेश वांगड तर छायाचित्रकार गौरी गिल यांच्या छायाचित्रांवरच रेघा काढतात. तोच डोंगर, तेच झाड, आणि त्यांवर तिथे घडून गेलेलं सगळं. म्हणून 'तीन तारपा नाचांचा सेट' मागवण्यापेक्षा चित्रकाराला त्याच्या पाड्याचं, ओढ्याचं, धरणाचं चित्र मागा. वेळ जास्त लागेल, लागू द्या. सेटमधली चित्रं बहुधा एकमेकांची नक्कल असतात.

मागवताना दोन फोटो मागा: मागच्या बाजूचा, आणि बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला. उचललेले पापुद्रे दुसऱ्यातच दिसतात. घडी अजिबात नको. किमान ३ इंच व्यासाच्या नळीवर, चित्र बाहेरच्या अंगाला ठेवून, वर बटर पेपर घालून गुंडाळायला सांगा. चित्र आत ठेवलं की थर दाबला जाऊन उचलतो. बाहेर ठेवलं तर केसासारख्या भेगा पडल्या तरी कापड सरळ केल्यावर मिटतात.

फ्रेमवाले इथेच घोळ घालतात. चित्र पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवू देऊ नका. ओल गेरूपर्यंत पोचते आणि पुढून डाग उमटतो. कडेने टाके घालून ताणून बसवायचं, आणि काच व चित्र यांत ५ मिलिमीटर तरी पोकळी ठेवायची. फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा, कारण पिठाला कसरही लागते आणि बुरशीही.

धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओलं फडकं एकदा जरी फिरलं तरी गेरू पांढऱ्यात उतरतो, माणसं गुलाबी होतात, आणि ती पुन्हा पांढरी करता येत नाहीत.