लकव्यानंतरचा दुखरा खांदा: वर्षभराच्या फिजिओथेरपीत कशाचा उपयोग झाला

नानांना लकव्याचा झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, काठी टेकत ते ओट्यापर्यंत येऊ लागले. खांद्याने मात्र सगळ्या घराला जेरीस आणलं. बंडी घालताना, कूस बदलताना एकच शब्द, ‘भू दुखस!’ (अहिराणीत ‘खूप दुखतं!’) आता वर्ष होत आलं. चोपडा-जळगाव फेऱ्या झाल्या, नंतर फिजिओ ताई घरी येऊ लागल्या. आपल्या भागात जो तो करंटच्या मशीनबद्दलच विचारतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त फरक हात कसा धरायचा हे शिकल्याने पडला. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनाने दंडाचं हाड खोबणीतून खाली सरकतं. नानांच्या खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच लागायची. असा हात ओढला की सांध्याभोवतीचे स्नायू आणखी ताणले जातात. ताईंनी घरातल्या प्रत्येकाला शिकवलं: उठवताना काखेत हात घालायचा नाही, मनगट ओढायचं नाही, कमरेला पट्टा बांधून तो धरायचा. बसले की हाताखाली उशी. बंडी घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. भेटायला येणारे मायेने नेमका तोच हात धरून हलवायचे. त्यांना अडवलं तर काही रुसले, पण अडवावंच लागतं.

छताला दोरी-पुली बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम एका ठिकाणी सुचवला होता. ताईंनी तो बंद करायला लावला. १९९० च्या एका छोट्या अभ्यासात २८ रुग्ण होते. पुली वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोकांचा खांदा दुखू लागला, थेरपिस्टने हाताने हालचाल दिलेल्या गटात फक्त ८ टक्के. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही पुली नको म्हणतात. पाठीचं पान (खांद्यामागचं चपटं हाड) सोबत फिरत नसताना हात खांद्याच्या वर नेला की आतले स्नायू चिमटतात. ताई एका हाताने ते पान फिरवत, दंड बाहेर वळवत सावकाश वर नेतात, दुखायच्या आधी थांबतात.

हलका करंट देऊन स्नायू आवळायला लावणारं मशीन उपयोगी पडलं, विशेषतः खाच कमी व्हायला. त्याचे पॅड पाठीच्या पानाच्या वर आणि खांद्याच्या मागच्या बाजूला लागतात. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. खांद्यावर लावायच्या चिकटपट्टीने आधार वाटायचा, पण मे महिन्यात घामाने सुटायची आणि कातडी लाल व्हायची, म्हणून सोडली. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना-चालताना. दिवसभर घातली तर हात छातीशी आखडतो.

वाळूच्या पोटलीचा शेक अनेकांनी सुचवला. लुळ्या बाजूला चटका कळेलच असं नाही, भाजू शकतं. तो दिला नाही.

मध्ये दुखणं फारच वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्यानंतर व्यायाम सहन होऊ लागला.

आज हात कानापर्यंत जात नाही, बाहेर वळवताना अजून दुखतं. पण नानांना रात्री झोप लागते, बंडी घालताना ओरडत नाहीत. फिजिओथेरपिस्ट निवडताना आधी हे विचारा: घरच्यांना हात धरायला शिकवाल का? नुसतं मशीन लावून मोकळं करतात तिथे पैसे घालू नका.