रोजचे फोटो मित्रांना दाखवायचे, तर चॅटग्रुप बरा की सामायिक अल्बम?

मित्रमंडळींना रोजचे साधे फोटो दाखवायला काय वापरावं, हा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. चॅटवरचा ग्रुप सगळ्यांकडे असतोच. मग गूगल फोटोजसारख्या ठिकाणी वेगळा सामायिक अल्बम, म्हणजे सगळ्यांना फोटो टाकता आणि बघता येतील अशी जागा, उघडायचा कशाला, इथे गाडी अडते. आमच्या कॉलेजच्या मंडळींनी दोन्ही मनापासून वापरलं आहे. निम्मे आम्ही सोलापुरात, बाकीचे पुणे, हैदराबाद, बंगळूर इथे विखुरलेले, एक जण मस्कतला. आमचा कल कुठे गेला ते पुढे दिसेलच. तुमची मंडळी वेगळी असतील तर उत्तरही वेगळं निघू शकतं, हे आधीच मान्य करतो.

रोजचे फोटो म्हणजे कोणते, ते सांगायला हवं, कारण सगळी निवड त्यावर ठरते. लग्न, बारसं, वास्तुशांत यांचे फोटो कुठेही टाका, लोक बघतातच. मी म्हणतोय ते फोटो म्हणजे पाणी आलेल्या दिवशी भरून ठेवलेल्या पिंपांची रांग, गच्चीवर वाळत घातलेले पापड, सुपात रचलेल्या कडक भाकऱ्या, मे महिन्यातल्या दुपारी ओस पडलेला सात रस्ता चौक. कुणी मागितलेले नसतात, पण दाखवावेसे वाटतात. परगावी राहणाऱ्या मित्राला आपलं गाव भेटतं ते बहुतेक अशा फोटोंतूनच.

सुरुवातीला चॅटग्रुपचं पारडं जड असतं. नवीन काही शिकायला नको, खातं उघडायला नको, ज्यांना फोनमधलं फारसं कळत नाही तेही तिथे असतात. शिवाय गप्पा. हुरड्याचा फोटो पडला की दोन मिनिटांत पुण्याहून ‘का बे, आम्हाला न सांगता?’ असं येतं, त्यावर तिसरा शेंगाचटणीचा विषय काढतो, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही. अल्बममध्ये ही रंगत येत नाही. तिथेही फोटोखाली चार शब्द लिहिता येतात, बदाम देता येतो, पण ते घरी नसलेल्या माणसाच्या दारात चिठ्ठी ठेवून येण्यासारखं आहे. गप्पा हव्या असतील, तर ग्रुपला तोड नाही.

तरी आमचं ग्रुपशी बिनसलं, आणि त्याला कारण एकच. चॅटग्रुपमध्ये साध्या फोटोला कधी योग्य वेळच सापडत नाही.

एकाच ओळीत सगळं येतं ना तिथे. सकाळचं सुप्रभात, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचा दहावीचा निकाल, कुठल्या हॉस्पिटलात रक्त हवंय त्याचा निरोप, आणि निधनाची बातमी. त्यामुळे फोटो टाकण्याआधी माणूस नकळत वर सरकवून बघतो, आत्ता काय चाललंय? वाढदिवसाच्या शुभेच्छा चालल्या असतील, तर मध्येच पापडांचा फोटो कसा टाकायचा? कुणाचं ऑपरेशन असेल, तर नकोच. संध्याकाळी टाकू म्हणून फोटो ठेवला जातो, आणि संध्याकाळपर्यंत टाकावंसं वाटणंच सरलेलं असतं. लग्नाच्या फोटोला हा अडथळा येत नाही, कारण तो स्वतःची वेळ घेऊनच येतो. अडतात ते हेच साधे फोटो.

आमच्यातला एक मित्र अशोक चौकाच्या बाजूला राहतो. त्यांचा जुना कारखाना आहे, वडिलांच्या काळापासूनचा. माळा आवरताना त्याला जेकार्डच्या मागाचे जुने पुठ्ठे सापडले. चादरीवरची नक्षी ज्यांच्या भोकांवरून ठरते ते लांबट पुठ्ठे, दोरीने एकाला एक ओवलेले, कडा तेलाने काळ्या झालेल्या. वरच्याच पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ‘मोर’ असं लिहिलेलं, अक्षर वडिलांचं. त्याने फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. त्याच्या अर्धा मिनिट आधी दुसऱ्या एका मित्राचे वडील गेल्याची बातमी येऊन पडली होती. फोटो पाठवण्याच्या नादात त्याला ती दिसलीच नाही. खाली धडाधड ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू झालं आणि त्याच्या मधोमध हे पुठ्ठे. त्याने घाईने फोटो काढून टाकला. ‘हा संदेश हटवला गेला’ एवढी ओळ राहिली.

यात कुणाचीच चूक नव्हती. पुढे तेरावं होईपर्यंत ग्रुपवर कुणी काही टाकलं नाही, ते योग्यच होतं. तेराव्यानंतरही कुणी टाकेना, कारण पहिला फोटो कुणी टाकायचा, आणि कशाचा? पुन्हा सुरू झालं ते कुणाच्या तरी वाढदिवसाने. पुठ्ठ्यांचा फोटो मात्र आलाच नाही. मला तो फार आवडला होता, नीट बघण्याआधीच गेला होता.

तुम्ही म्हणाल, मग फक्त फोटोंसाठी वेगळा ग्रुप काढावा. आम्ही काढला. थोडे दिवस छान चाललं. मग फोटोंखाली बोलणं वाढलं, बोलण्यातून बातम्या आल्या, कुणी एक व्हिडिओ पुढे ढकलला, आणि बघता बघता तो पहिल्या ग्रुपसारखाच झाला. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय असते, पण मग बाकीच्यांनी फोटो टाकायचे कसे? शिवाय ग्रुप कोणताही असो, फोटो टाकला की सगळ्यांच्या खिशात घंटा वाजते. भाकरीच्या फोटोसाठी वीस माणसांना हाक मारायला मन धजत नाही.

अल्बममध्ये ही हाक फारशी जाणवत नाही. ॲप सूचना देतं, ती बंदही करता येते. फोटो तिथे जाऊन बसतो, ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो बघतो. पुठ्ठ्यांचा फोटो अखेर अल्बममध्येच आला, सोबत आणखी चार-पाच आले, एकात तर मागच्या भिंतीवरचं जुनं कॅलेंडरही दिसतं. हैदराबादच्या मित्राने त्याखाली काही आठवड्यांनी लिहिलं, की त्याच्या आजोबांकडेही असेच पुठ्ठे होते आणि लहानपणी तो त्यांच्या भोकांतून बघत बसायचा. उशिरा आलेलं उत्तर अल्बममध्ये शोभून दिसतं. चॅटमध्ये तोवर तो फोटो शेकडो निरोपांच्या खाली गेला असता.

दुसरी गोष्ट तारखेची. ही गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी लक्षात आली. भोगीच्या दिवशी सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा असतो. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, हिरेहब्बू वाड्यापासून निघतात आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर येतात. आम्ही सोलापुरातले त्या दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी असतो, कुणी बाळीवेशीत ओळखीच्यांच्या गच्चीवर, कुणी विजापूर वेशीला, कुणी पहाटेपासून संमती कट्ट्याजवळ जागा धरून. गर्दीत नेटवर्क धड चालत नाही, फोटो जातात ते रात्री घरी आल्यावर, काहींचे दुसऱ्या दिवशी. चॅटवर हे फोटो ज्याने आधी पाठवले त्याचे आधी, अशा क्रमाने पडतात. अक्षता पडून गेल्यावर पुन्हा वाड्यातली पूजा, मग होम मैदानावरचे पाळणे, मग परत मिरवणूक. मस्कतच्या मित्राला त्यातून काही उमगत नसे.

अल्बममध्ये फोटो काढल्याच्या वेळेनुसार लागतात. सगळ्यांचे फोटो आले आणि मिरवणूक आपोआप उभी राहिली. बाराबंदी पोशाखातली माणसं वाड्याबाहेर, मग तोच पहिला नंदीध्वज गच्चीवरून, मग विजापूर वेशीत जमिनीवरून मान वर करून काढलेला, मग पंचकट्टा. आणि अक्षतांच्या क्षणाचे तीन फोनमधले तीन फोटो शेजारी शेजारी. एकात वर गेलेले हात, एकात हवेत पांढरे ठिपके, एकात एका आजींच्या केसांत अडकलेले तांदूळ. कुणी काही रचलं नव्हतं. यासाठी प्रत्येकाच्या फोनचं घड्याळ बरोबर हवं, वेगळा कॅमेरा वापरणाऱ्यांनी तर ते आधीच तपासावं. चॅटवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून बहुधा काढल्याची मूळ वेळ निघून जाते. तो उतरवून घेतला की मिळाल्याची तारीख त्याला चिकटते. म्हणून चॅटवरून घेतलेले फोटो अल्बममध्ये टाकू नका. ज्याने काढला त्यानेच आपल्या फोनमधून टाकावा.

फोटोच्या स्पष्टतेवर मी फार वेळ घालवणार नाही. व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०२३ पासून एचडीची सोय दिली आहे आणि फाइल म्हणून पाठवला तर मूळ फोटो जसाच्या तसा जातो. रोजचा फोटो फोनवरच बघायचा असतो, तिथे फरक सहसा दिसत नाही. छापून घ्यायचा असेल तेव्हा दिसतो.

जागेचं मात्र बघावं लागतं. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट. सामायिक अल्बममध्ये ज्याने फोटो टाकला त्याच्याच जागेतून तो मोजला जातो, बघणाऱ्याच्या नाही. एकाने सगळ्यांचं ओझं उचलायचं असा प्रकार नाही, हे मला रास्त वाटतं. चॅटमध्ये जागा लागत नाही असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत धरला जातो. ग्रुपवर आलेले सगळे सुप्रभात त्यात आले.

अल्बमची उणी बाजू दोन ठिकाणी खरोखर जाणवते. एक, तो आपणहून चालत नाही. सुरुवातीचे काही आठवडे तिथे शुकशुकाट असतो, दोघं-तिघंच टाकत राहतात आणि वाटतं, हे काही टिकत नाही. कुणीतरी न कंटाळता टाकत राहिलं तरच बाकीचे येतात. आमच्यातल्या दोघांना खात्याचा पासवर्डच आठवत नव्हता, त्यांच्याजवळ बसून ते करून द्यावं लागलं. अल्बम बघायला लिंक पुरते, पण फोटो टाकायला आणि लिहायला खातं लागतंच.

दुसरी बाजू लिंकचीच. लिंक चालू असेल, तर ती ज्याच्या हाती पडेल तो अल्बम बघू शकतो. घरातली मुलं, आईवडील, दारावरची पाटी, सगळं रोजच्या फोटोंत येतं. त्यामुळे माणसं जोडून झाली की लिंकने शेअर करणं बंद करून टाकावं, आणि फोटोचं ठिकाण दाखवण्याची सोयही. चॅटग्रुपमध्येही फोटो पुढे ढकलला जाऊ शकतो, तेव्हा पूर्ण निर्धास्त कुठेच नाही. तरी निदान अल्बममध्ये कोण कोण आहे हे एका जागी दिसतं आणि मालकाला एखाद्याला काढताही येतं.

इन्स्टाग्रामवर खासगी खातं काढून तिथेच मित्रांना घ्यावं, असंही काही जण सुचवतात. आमच्या तरुण चुलतभावंडांना ते जमतं. मला स्वतःला तिथे फोटो निवडताना हात वेगळाच चालतो असं वाटतं. पिंपांची रांग मागे पडते आणि सूर्यास्त पुढे येतो. स्टोरी तर चोवीस तासांत जाते, मस्कतच्या मित्राला शुक्रवारी सवड मिळेपर्यंत काही उरतच नाही.

तर कुणी काय घ्यावं? तुमच्या मंडळींत वयस्कर माणसं जास्त असतील, सगळे एकाच गावात असतील आणि फोटो हे बोलण्याचं निमित्त असेल, तर चॅटग्रुपच ठेवा, वेगळा खटाटोप करू नका. मंडळी विखुरलेली असतील, फोटो टाकताना तुमचा हात अडत असेल, ‘आत्ता नको’ असं वारंवार मनात येत असेल, तर मी अल्बमकडे झुकेन. आमच्याकडे ग्रुप बंद झालेला नाही. बोलणं तिथेच होतं, आणि अल्बममध्ये काही खास आलं असेल तर रविवारी कुणीतरी तिथे एका ओळीत सांगतं. फोटो मात्र आता तिकडेच जातात.

सुरू करणार असाल, तर दर वर्षाला एक अल्बम ठेवा, म्हणजे जड होत नाही आणि मागचं शोधायला सोपं जातं. मूळ फोटो स्वतःच्या हार्ड डिस्कवरही ठेवा. मित्र जोडायची ऑर्कुट ही साइट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली, फोटो ठेवायचं पिकासा २०१६ मध्ये गेलं, तेव्हा कुठलीच जागा कायमची धरून चालू नका. गूगलच्या सामायिक अल्बममधून एखादा सदस्य बाहेर पडला की त्याने टाकलेले फोटोही त्याच्याबरोबर जातात, म्हणून ज्यांचे फोटो तुम्हाला हवेत ते वेळच्या वेळी आपल्याकडे जतन करून घ्या. तसे घेतले की ते तुमच्या जागेत मोजले जातात, एवढं मात्र ध्यानात असू द्या.